प्रमाण कोणाच्या मालकीचें?

शिवथरच्या घळींत समर्थांनीं दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्याची नक्कल करण्याचा हक्क कोणी राखून ठेविला नव्हता. म्हणून तो मठोमठीं पोंचला. पण नकला वाढल्या कीं पाठभेदही वाढतात. यासाठींच धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं तो छापतांना डोमगांव मठांतील कल्याणांच्या प्रतीचा आधार घेतला. मुक्तता व प्रमाण यांचें हें नातें आज संगणकाच्या क्षेत्रांत पुन्हां विचारास आलें आहे.

ज्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचतां, बदलतां व वांटतां येते, तें मुक्त सॉफ्टवेअर. प्रमाण मात्र सर्वांनीं एकसारखें वागावें असें सांगतें. मग हीं दोन एकमेकांचे वैरी नव्हेत काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शिवथरभोंवतीं सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. या शब्दांतील अर्ध्या 'र'साठीं युनिकोड या अक्षरसंकेतांत 'ऱ' या स्वतंत्र अक्षराची योजना आहे. ती पाळली नाहीं, तर दऱ्यांचा दर्या होईल! पूर्वीं प्रत्येक टंककार आपली निराळी मांडणी करी, तेव्हां एका टंकांत लिहिलेलें दुसऱ्यांत वाचतां येत नसे.

खरा प्रश्न प्रमाणाच्या मालकीचा आहे. शोधकास मोबदला मिळावा म्हणून प्रत्येक प्रतीमागें 'वाजवी' शुल्क घ्यावें, असें कित्येक म्हणतात. शोधकाच्या श्रमांचें मोल आम्हांसही मान्य आहे. परंतु जो आपली कृति फुकट देतो, आणि तिच्या प्रती किती झाल्या हें ज्यास ठाऊकही नसतें, त्यानें शुल्क कोणत्या हिशेबानें भरावें? श्रीमंतास वाजवी वाटणारी अट त्याच्यापुरती दाराची कडी होते. म्हणूनच १९९८ सालीं स्थापन झालेली ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था मागते कीं, प्रमाणांत कांहीं गुप्त नसावें, त्यावरील पेटंटांचें शुल्क नसावें व तें वापरण्यास करारपत्राची अट नसावी. भारत सरकारनेंही ई-प्रशासनासाठीं २०१० सालीं ठरविलेल्या धोरणांत शुल्कमुक्त प्रमाणांचा आग्रह धरला. तशीं न मिळाल्यास सवलतही ठेविली.

अशा संस्थांचा कैवार घेतांना मुक्ततेच्या उपासकांचें कर्तव्यही सांगितलें पाहिजे. नकलकारानें पानाच्या कडेस हवी तेवढी टीप लिहावी. ओवी गुपचूप बदलूं नये. प्रमाण सोडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. पण तें सोडल्याचें उघड न सांगणें ही वाचणाऱ्याची फसवणूक होय.