आजीला कोण सांभाळणार?

घोडबंदर रोडवर आता भुतांना जागा उरलेली नाही, असं म्हणायची पद्धत पडली आहे. गायमुखच्या वळणावर लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई गप्पांतून अजून भेटते. पण मेट्रोचे खांब, कासारवडवलीचे टॉवर आणि रात्रभर धावणारे कंटेनर यांच्या गर्दीत ती बिचारी उभी तरी कुठे राहणार? याच रस्त्याच्या आतल्या बाजूला मालिकांची चित्रीकरणं चालतात. कथा ‘गूढ’ असली की धूर सोडायचा, दिवे मंद करायचे, दार करकरवायचं. भीती ही नेपथ्याची बाब आहे, हा समज आपल्याकडे पक्का मुरला आहे. तो किती फसवा आहे, हे एकाच कथेच्या दोन चित्रपटांकडे पाहिलं की कळतं.

कथा स्टीफन किंगची, ‘ग्रामा’. १९८५च्या ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात ती आहे. अकरा वर्षांचा जॉर्ज घरात आजीजवळ एकटा आहे. थोरल्या भावाचा पाय मोडल्यामुळे आईला इस्पितळात धावावं लागलं आहे. आजी अवाढव्य, आंधळी, अंथरुणाला खिळलेली. ती जादूटोणा करणारी होती, हे मुलाच्या हळूहळू लक्षात येतं. पण कथेतली खरी कळ त्याच्याही आधी लागते. आजी मेली की काय, हे पाहायला तो तिच्या नाकाशी आरसा धरतो. ती गेली असं वाटल्यावर तिथून पळ काढायचा, तर तिचं तोंड पांघरुणानं झाकायला तो पुन्हा त्या खोलीत जातो. का? भाऊ परत आल्यावर ‘भित्रा’ म्हणून चिडवेल म्हणून! भीतीपेक्षा चेष्टेची धास्ती मोठी असते, ते वय किंगनं अचूक पकडलं आहे. आणि त्याहून अवघड गोष्टही त्यानं लिहिली आहे: ज्या माणसाची सेवा करायची, त्याचीच किळस येणं.

या कथेवर १९८६ साली ‘ट्वायलाइट झोन’ मालिकेत हार्लन एलिसनच्या पटकथेवरून एक भाग झाला. २०१४ साली पीटर कॉर्नवेल यांचा ‘मर्सी’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. शर्ली नाइटसारखी कसलेली अभिनेत्री आजीच्या भूमिकेत असूनही तो थेट घरबसल्या पाहायच्या यादीत जाऊन पडला. मुलाचं नाव जॉर्जच राहिलं, आजी राहिली, तिचं जादूटोण्याचं पुस्तकही राहिलं. पण चित्रपटानं आजीला मुळात प्रेमळ करून टाकलं आणि दुष्टपणा बाहेरून आलेल्या शक्तीच्या माथी मारला. झालं! नातवाला आजीची किळस वाटण्याचा प्रश्नच मिटला. आता तो तिला वाचवायला निघालेला गुणी मुलगा. त्याच्या मनातलं जे स्वतःशीही कबूल करता येत नाही, तेच काढून घेतल्यावर उरतात फक्त दचकवायच्या जागा.

दुसरी वाट मराठीतून गेली. नारायण धारपांनी (१९२५–२००८) हीच कथा ‘आजी’ या नावानं मराठीत आणली. धारपांवर किंगचं ऋण आहे, हे त्यांचे वाचक जाणतात. काहींना त्याचा संकोचही वाटतो. मला वाटत नाही. परक्या कथेचं बी मराठी घरात रुजवणं हीसुद्धा कारागिरीच आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं ही गोष्ट राही अनिल बर्वे या मुलाला सांगितली आणि ती त्याच्या डोक्यात घर करून बसली. ‘हमिदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा हा मुलगा. त्याचा ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे गोष्ट ऐकल्यावर पंचवीस वर्षांनी. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, कथानकाचा त्या कादंबरीशी संबंध नाही.

पहिला भाग १९१८ सालचा. कोकणातला धो धो पाऊस, साखळदंडानं जखडलेली म्हातारी, झाडावरून पडलेला धाकटा भाऊ, त्याला घेऊन गेलेली आई आणि मागे राहिलेला विनायक. देश बदलला, काळ बदलला, पुढं खजिन्याची हाव नव्यानं जोडली. पण मुलाला एकट्यानं पार पाडावं लागणारं ते काम बर्वेंनी सोडलं नाही. म्हातारीला खाऊ घालायचं आहे आणि तिच्याजवळ जायचं धाडस होत नाही. शिवाय खजिन्याची गुरुकिल्ली तिच्यापाशीच, म्हणून मुलाला तिची भीतीही वाटते आणि तिची गरजही आहे. पुढच्या सगळ्या हावेचं मूळ या खोलीत आहे. नाव-गाव बदलूनही मूळ कथेशी इमान राखलं ते ‘तुंबाड’नं. माझी तक्रार एकच. इतकी मराठी मातीतली गोष्ट हिंदीत बोलली, आणि धारपांच्या दारात मराठी चित्रपटवाले अजून म्हणावे तसे फिरकलेले नाहीत.

त्यासाठी पुन्हा कोकणातला वाडाच शोधायला हवा असं थोडंच आहे? वाघबीळच्या एखाद्या विसाव्या मजल्यावर आजी पलंगावर आहे. दिवसभराची मावशी सात वाजता निघून गेली. आईचा फोन आला की गायमुख घाटात ट्रेलर बंद पडलाय, दोन तास तरी लागतील. सहावीतल्या मुलाला डायपर, औषधाच्या वेळा आणि ‘ती हाक मारेल तेव्हा जा हं’ एवढं सांगून फोन ठेवला जातो. किंगच्या घरात फोन बंद होता. इथे तो चालू आहे, नकाशावर आईची गाडी लाल रेषेत अडकलेली दिसते आहे, आणि तरी कुणी येऊ शकत नाही.

अशा घरात राक्षस आणायचा की नाही, हे नंतर ठरवता येईल. आधी त्या मुलाला आजीची किळस वाटते, हे कॅमेऱ्यासमोर कबूल करायची तयारी हवी. मातृदेवो भव म्हणणाऱ्या आपल्या पडद्याला ते जड जातं, म्हणून आपल्या भूतकथांतली बाई एकतर अन्याय झालेली असते नाहीतर झपाटलेली. नुसती म्हातारी, जड आणि नकोशी झालेली कधीच नसते. ‘मर्सी’ फसला तो याच सभ्यपणामुळे. आपल्या दिग्दर्शकांनी हॉलिवूडची ही एक गोष्ट उचलली नाही, तरी पुष्कळ झालं.