तू हो पुढे

कळसूबाईच्या एका शिडीपाशी मित्र दगडावर बसला. “तू हो पुढे, मी येतो हळूहळू,” म्हणाला. मी विचारलं, “नक्की ना?” त्याने मान हलवली आणि मी निघालो. घडलं एवढंच. पण ते “नक्की ना?” वर्षभर माझ्या डोक्यातून जात नाहीये.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. बारी गावातून पहाटे निघालो तेव्हा बोलताना तोंडातून वाफ येत होती. शिड्यांचे लोखंडी कठडे धरवत नव्हते इतके गार. त्याचा हा पहिलाच ट्रेक, तोही माझ्या आग्रहाखातर. तासाभराच्या चढणीने तो घामाघूम झाला, तेव्हा स्वेटर काढून त्याने माझ्या सॅकमध्ये ठेवला.

माथा १६४६ मीटरवर, महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. देवीच्या छोट्याशा देवळात डोकं टेकवलं, अलंग-मदन-कुलंगचे फोटो काढले, खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकताना पाहिलं. मग चिक्की काढायला सॅकमध्ये हात घातला आणि स्वेटर लागला.

थंडीत डोंगरावर चालणाऱ्याला गारठा जाणवत नाही, थांबलेल्याला जाणवतो. ओल्या शर्टातला घाम वाळताना अंगातली ऊबही घेऊन जातो. म्हणजे पुढे गेलेला मी गरम होतो आणि माझ्यासाठी मागे राहिलेला तो कुडकुडत होता.

२००६ साली एव्हरेस्टवर डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक मरणाच्या दारात असताना सुमारे ४० जण त्याच्या जवळून गेल्याच्या बातम्या आल्या. एडमंड हिलरींनी त्यावर कडक टीका केली. त्या उंचीवर माणसाला स्वतःचा जीव सांभाळणंच कठीण असतं, असंही अनेकांनी सांगितलं. तो वाद मोठा आहे. माझ्याकडे मात्र तसली कुठलीच सबब नव्हती. बरं, माझा मित्र काही मरत नव्हता आणि त्याने तर परवानगीही दिली होती.

पण परवानगी दिली की विषय संपतो का? पंगतीत पाहुणा “पुरे” म्हणाला तर वाढणारा हात लगेच मागे घेत नाही. पाहुणा संकोचतोय का, हे आधी बघतो. मी बघितलंच नाही. त्याचा शब्द माझ्या सोयीचा होता, म्हणून तो मला लगेच पटला. गैरसोयीचा असता तर दोनदा विचारलं असतं.

दुसरी बाजूही आहे. मी थांबलो असतो तर “माझ्यामुळे याचा दिवस वाया गेला” हे ओझं त्याच्यावर आलं असतं. त्याला खरंच एकटं बसायचंही असेल. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं हाही आदरच असतो.

उतरलो तेव्हा तो वाटेवरच्या टपरीत चुलीपाशी बसला होता, अंगावर टपरीवाल्या मावशींची शाल. “कसं होतं वर?” त्याने विचारलं. “भारी,” म्हणत मी स्वेटर पुढे केला. त्याने काही न बोलता तो घातला.

आता आठवतं, “नक्की ना?” विचारताना माझा एक पाय शिडीवर होता. मी त्याच्या शेजारी बसून विचारलं असतं तरी तो कदाचित “जा”च म्हणाला असता आणि मी गेलोही असतो. पण स्वेटर देऊन गेलो असतो.