घरच्या मोडेमचा दोष कोणाला?

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावात नवे ब्रॉडबँड जोडायला फार वेळ लागत नाही. जोडणीला आलेला मुलगा वायर ओढतो, मोडेम लावतो, कंपनीने दिलेले युजरनेम-पासवर्ड त्यात भरतो. संगणकाला पत्ता आपोआप मिळेल असा पर्याय ठेवतो, एखादे पान उघडून दाखवतो आणि पुढच्या घराकडे निघतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा आकडा टाकला की बऱ्याच मोडेमांचे स्वतःचे सेटिंगचे पान उघडते, हे घरातल्या कोणाला ठाऊक नसते. त्या पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेकदा नुसता 'अ‍ॅडमिन' असतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. ही तांत्रिक बाब आहे, असे आपण धरून चालतो. मला ती धर्माची बाब वाटते, कारण तिच्यामागे एक फार जुना प्रश्न उभा आहे. आपल्या घरातल्या वस्तूने आपल्या नकळत दुसऱ्याचे नुकसान केले, तर दोष आपल्याला लागतो का?

असे नुकसान होते, हे घडून गेलेले आहे. २०१६ साली 'मिराई' नावाचा घातक प्रोग्राम पसरला. त्याच्यात चलाखी फारशी नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या तो एकेका उपकरणावर लावून पाहत होता. लोकांच्या घरचे कॅमेरे आणि राउटर अशा रीतीने त्याच्या ताब्यात गेले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाइन' या कंपनीवर हल्ला झाला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७मध्ये, आपल्याकडे बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांवर असाच हल्ला झाला. मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. या उपकरणांच्या मालकांपैकी कोणाच्या मनात कोणाचे वाईट करण्याचा विचार नव्हता.

मग दोष कसला? आपल्या परंपरेने या प्रश्नाला टाळलेले नाही. धर्मशास्त्रात गृहस्थाच्या 'पंचसूना' सांगितल्या आहेत. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी रोजच्या साध्या कामात जीव मरतात, आणि त्याचे निरसन म्हणून पंचमहायज्ञ सांगितले आहेत. घर चालवणे म्हणजेच नकळत इजा करणे, ही जाणीव त्यामागे आहे. बौद्ध आणि जैन परंपरांत तर यावर उघड वाद झाला. मज्झिम निकायातल्या उपाली सुत्तात निगंठांचा, म्हणजे जैनांचा, अनुयायी उपाली बुद्धाशी वाद घालायला जातो. कायेने घडलेले कर्म सर्वांत जड, ही त्याची बाजू. मनाने घडलेले जड, ही बुद्धाची. चालताना पायाखाली चिरडणाऱ्या सूक्ष्म जीवांचे काय, असे बुद्ध विचारतो, आणि जे हेतूने केले नाही ते फार दोषास्पद नाही, हे उपालीलाच कबूल करावे लागते. ही बौद्धांनी सांगितलेली हकीकत आहे, हे लक्षात ठेवायला हवे. जैन विचार याहून बारीक आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आहे. पाणी गाळून पिण्याचा जैनांचा जो नियम आहे, तो याच विचारातून आला. हेतू शुद्ध असला तरी पुरत नाही, लक्षही हवे. बुद्धानेही अखेरच्या उपदेशात अप्रमादच सांगितला, म्हणून दोन्ही पक्ष इथे दिसतात त्याहून मला जवळ वाटतात.

यावर पहिला आक्षेप अज्ञानाचा. मोडेमच्या सेटिंगचे ते पान बहुधा इंग्रजीत असते. ज्याला ते वाचता येत नाही त्याला दोषी कसे ठरवायचे? आक्षेप रास्त आहे. दोष ज्ञानाच्या आणि शक्तीच्या प्रमाणातच मोजायला हवा. पण म्हणून तो नाहीसा होत नाही, जाणणाऱ्याकडे सरकतो. बनवणाऱ्याकडे तो सर्वांत जास्त जातो. कॅलिफोर्नियात २०२०पासून आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकण्याला कायद्याने बंदी आहे. त्यानंतर जोडणीवाला, आणि मग घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी. दुसरा आक्षेप असा की, लाखो मोडेमांत माझ्या एकाचा वाटा तो किती? पण असा हल्ला केवळ क्षुल्लक वाट्यांचाच बनलेला असतो. प्रत्येकाने आपला वाटा शून्य धरला तर झालेल्या नुकसानाला कर्ताच उरत नाही, आणि नुकसान तर खरे असते. या आक्षेपात मला तथ्य दिसत नाही. एवढे कळल्यावर हात न लावणे हे नकळत राहत नाही, तो निर्णय होतो. आणि निर्णय झाला की बुद्धाच्या मापानेही ते कर्मच ठरते.

म्हणून ज्याला हे वाचता येते त्याने आजच मोडेमचे पान उघडावे. मूळ पासवर्ड बदलावा, बाहेरून मोडेम चालवण्याची सोय सुरू असेल तर बंद करावी, कंपनीने नवे फर्मवेअर, म्हणजे मोडेमच्या आतला प्रोग्राम, दिले असेल तर ते घालावे. आणि शेजारच्या ज्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नाही, तिथे जाऊन, त्यांना विचारून, तेवढेच काम करून द्यावे. नवा पासवर्ड मात्र त्यांच्याच हाताने त्यांच्या वहीत लिहायला लावावा.