पुंड कोणाला म्हणावे?

गेल्या आषाढी वारीत माझ्या तोंडून एक शब्द गेला, तो अजून टोचतो आहे. वेळापूरच्या अलीकडे पाण्याच्या टँकरपाशी गर्दी होती. तीन-चार पोरे कोपराने वाट काढीत पुढे घुसली. मी मोठ्याने म्हणालो, "हे वारकरी नव्हेत, पुंड आहेत पुंड." त्यातला एकजण वळून म्हणाला, "माउली, जरा हा कॅन धरता का?" त्यांच्या दिंडीतल्या म्हाताऱ्या रस्त्याकडेला बसल्या होत्या, पाणी त्यांच्यासाठी होते. मी कॅन धरला. शब्द मात्र परत घेतला नाही.

सज्जनहो, पुंड हा शब्द मूळचा पोरासोरांच्या दांडगाईचा नव्हे. मराठेशाहीच्या कागदांत सरकारचा हुकूम न मानणारा, वसूल अडवून बसणारा तो पुंड; त्याचे वागणे ती पुंडाई, त्याने केलेले बंड तो पुंडावा. पाळेगारांशी जोडून 'पुंडपाळेगार' असा शब्दच रूढ झाला. म्हणजे सत्ता ज्याच्या हाती, त्याने न ऐकणाऱ्याला ठेवलेले हे नाव. त्यांत रयतेला नागवणारे खरे लुटारूही होते, पण गादीवरून पाहणाऱ्याला सगळे सारखेच दिसतात. पुढे राज्य गेले, शब्द तेवढा उरला आणि गावातल्या उनाड पोरांच्या वाट्याला आला. (गुंड हे तर आजही कित्येक सज्जन घरांचे आडनाव आहे!)

आता आपल्या पंढरीकडे पाहा. पुंडलीक हे नाव पुंडरीक, म्हणजे पांढऱ्या कमळाचे. तरी तुकोबारायांनी एका अभंगात त्यांना 'पुंड्या' अशी हाक मारून दटावले आहे. कथेतला पुंडलीक आधी आईबापांना छळणारा होता. कुक्कुटमुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. त्या दिवसांत त्याला कोणी पुंड म्हटले असते तर ते खोटे नव्हते. पण तुकोबारायांची दटावणी त्या वागण्याबद्दल नाही. आईबापांची सेवा चालू असताना दारी आलेल्या देवाला त्याने वीट दिली आणि थांबायला लावले, त्याबद्दल ती आहे. याहून मोठी हुकूमअदूली कोणती? आणि ज्याची अवज्ञा झाली तो मात्र काही न बोलता विटेवर उभा राहिला.

मग दिंडीत धक्काबुक्की करणाऱ्यालाही हार घालायचा काय, अशी शंका कोणी घेईल. मुळीच नाही. खिसा कापणारा चोरच आहे, आणि बायाबापड्यांना त्रास देणाऱ्याला पोलिसांच्या हाती द्यावे. तिथे 'पोरं आहेत, चालायचंच' म्हणणे हे पाप आहे. माझी चूक निराळी होती. मी कोपर पाहिले, कॅन पाहिला नाही. शिवाय 'रांगेत या' एवढे म्हणून भागले असते, तिथे मी 'हे वारकरी नव्हेत' असा निवाडा दिला. तो अधिकार मला कोणी दिला होता? माळ त्याच्याही गळ्यात होती.

वाखरीच्या तळावर मी त्याला पुष्कळ शोधले. त्या जनसागरात कुठला सापडतो! कॅन भरायला दोन मिनिटे तरी लागली असतील. तेवढ्यात बोलता आले असते.