प्रौढाचें पाऊल

हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापूर येथें एका सप्ताहांत आम्हीं वारकऱ्यांची पावली शिकण्याचा प्रयत्न केला. पाहणारास ती सोपी वाटते. दोन रांगा समोरासमोर, हातांत टाळ, मृदंगाच्या ठेक्यावर पुढें पाऊल, मागें पाऊल, मध्येंच एक गिरकी. परंतु मुख, हात आणि पाय यांस तीन निराळीं कामें एकाच वेळीं करावयाचीं असतात. पायांकडे लक्ष द्यावें तर टाळ चुके, टाळ सांभाळावा तर अभंग तोंडांतच राही. शेवटीं शेजारचा दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "काका, आधीं डावा पाय टाका." त्या क्षणीं आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे.

प्रौढास शिकणें इतकें जड कां जावें? अंग ताठर होतें, हें उत्तर खरें, पण अर्धेंच. मूल अडखळलें तर लोकांस त्यांत उद्यांचें कौशल्य दिसतें. प्रौढाच्या अडखळण्यामागें असा कोणताही उद्यां उभा नसतो. त्याची चूक ही नुसती चूकच असते. म्हणून तो लवकरच रांग सोडतो आणि परीक्षक होऊन बसतो.

याच जिल्ह्यांतील नर्सी हें नामदेवांचें जन्मगांव मानितात. कथा अशी कीं, गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांचीं मस्तकें पारखिलीं, तेव्हां रागावलेले नामदेव कच्चे ठरले. पुढें ते औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले पाहून नामदेवांनीं ते काढण्यास सांगितलें. "जेथें देव नसेल तेथें ते ठेव," असें उत्तर मिळालें. पाय कोठें ठेवावा, हाच तेथेंही प्रश्न होता! कीर्ति झाल्यावर कच्चेपणा मान्य करून दुसऱ्याच्या दारीं जाणें, यांतच आम्हांस नामदेवांचा मोठेपणा दिसतो.

कोणी म्हणेल, आत्मज्ञानाची गोष्ट निराळी. नाचाच्या एका पावलानें काय साधणार? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचें उदाहरण येथें देतां येईल. प्रौढपणीं त्या प्रथम पाश्चात्त्य बॅले शिकल्या, नंतर भरतनाट्याकडे वळल्या आणि १९३५ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, अड्यार येथें लोकांसमोर नाचल्या. परंतु त्यांस यश आलें. आपणांपैकीं बहुतेकांस तें येणार नाहीं. तेव्हां यशाच्या आधारावर हा प्रश्न सुटत नाहीं.

आमचें मत असें: ज्यानें वर्षानुवर्षें केवळ शिकविलें, आज्ञा केल्या, दोष काढले, त्यास न येणाऱ्याच्या मनाची स्थिति विसरावयास होते, आणि या विस्मृतींतूनच त्याचा कठोरपणा उपजतो. "मठ्ठ" हा शब्द आमच्याही तोंडीं अनेकदां सहज आला आहे. तो ज्यांस लागला त्यांचे चेहरे त्या रांगेंत उभे असतां आम्हांस एकामागून एक आठवले. त्यांची क्षमा मागावयास आतां फार उशीर झाला आहे. परंतु तो शब्द पुन्हां उच्चारण्यापूर्वीं थांबणें अद्याप आमच्या हातीं आहे.

सातव्या दिवशींही आमची गिरकी चुकलीच. मुलानें हंसून पुन्हां डाव्या पायाकडे बोट दाखविलें. या वेळीं मात्र आम्हांस राग आला नाहीं.