साठीनंतर हाती कुंचला



आपल्या जत तालुक्यात आयुष्यभर दुकान किंवा द्राक्षबागेचा व्यवहार सांभाळलेला माणूस साठीला आला की कारभार मुलांच्या हाती देतो. अशा एखाद्याने ‘आता मी चित्रकला शिकणार, समोर दिसते तसे हुबेहूब काढणार’ असे म्हटले, तर आपण त्याला म्हातारचळ म्हणून हसतो. कोणी विचारतो, दुष्काळी भागात रंगांत वेळ घालवणे हा स्वार्थ नव्हे काय? या प्रश्नाचा विचार करायला हवा.

आपल्यातल्या काहींनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. वास्तववादी चित्रकलेची वाट तिथूनच पुढे जाते, पण ती फार लांब आहे. आधी प्लास्टरच्या पुतळ्यावरून कोळशाने रेखाटन, मग छायाप्रकाश आणि खूप नंतर तैलरंग. गवंडी भिंत तपासतो तसा ओळंबा धरून रेषा तपासावी लागते. कालपर्यंत हुकूम सोडणारा मालक आज मुलाच्या वयाच्या शिक्षकाकडून चुका ऐकून घेतो. एवढी नम्रता उतारवयात सहजी येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट नजरेची आहे. धंद्यात आपली नजर मोल करते : हा माल कितीला जाईल, हा माणूस किती काम करील? चित्रकाराला मात्र जे आहे तेच पाहावे लागते. ज्या हमालाने वीस वर्षे आपली पोती वाहिली, त्याचा चेहरा रेखाटायला बसल्यावर कपाळावरची प्रत्येक सुरकुती मोजावी लागते. मग मनात प्रश्न उठतो : याला आपण आजवर कधी पाहिले होते का? त्याची मजुरी पुरती चुकती केली होती का?

द्राक्षमळ्याचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. धन्याने दिवस मावळायला आला असतानाही मजुरांना कामावर बोलावले. पण त्याच संध्याकाळी त्याने सर्वांची मजुरीही दिली. म्हणून उशिरा आलेली हाक खरी असू शकते; मात्र देणी फेडल्यावाचून आणि घरातल्या आजाऱ्याकडे पाठ फिरवून धरलेला कुंचला ही पळवाट ठरेल.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. त्यांची रामायणावरील चित्रे १९१६ साली पुस्तकरूपाने निघाली. १९३८ साली त्यांनी औंधला संग्रहालय उभारले, ते आजही पाहता येते. १९३९ साली त्यांनी राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपविला. चित्रांच्या नादात ते प्रजेला विसरले नाहीत.

संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ च्या ईस्टरला कलावंतांना पत्र लिहिले. सर्वच जण कलावंत होत नाहीत, पण आपले जीवन घडवण्याचे काम प्रत्येकाकडे सोपवलेले आहे, असा त्यातला विचार आहे. हे काम पेन्शनीबरोबर किंवा दुकानाच्या किल्ल्या मुलाला दिल्यावर संपत नाही.

तेव्हा आपल्या धर्मग्रामातल्या कोणी उतारवयात कागद-कोळसा हाती घेतला, तर त्याला हसू नये. रविवारी मिस्सानंतर तासभर त्याच्यासमोर स्तब्ध बसावे. त्याचा हात बसेल, आणि कोणीतरी आपल्याकडे मोल न करता पाहते आहे, हे आपल्यालाही अनुभवता येईल.