पितळेचा मान

एखाद्याचे सोंग उतरले की आपण सहज म्हणतो, त्याचे पितळ उघडे पडले. वरचा सोन्याचा मुलामा झिजला आणि आतला हलका धातू दिसला, असा त्यातला भाव. या बोलण्यात पितळेवर अन्याय होतो, असे मला झाशीमुळे वाटू लागले.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे चार पैसे मिळवायला उत्तर हिंदुस्थानात गेले, 1857 च्या धामधुमीत सापडले आणि पुढच्या वर्षीच्या वेढ्यात झाशीतच अडकले. मार्च 1858 मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या तोफा शहरावर सुरू झाल्या आणि एप्रिल उजाडताच फौज तट ओलांडून आत आली. त्यानंतर जे घडले ते गोडसे भटजींनी स्वतः भोगले आणि उतारवयात लिहून काढले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक 1907 साली छापून आले.

त्यात कत्तल आहे, जाळपोळ आहे आणि लूटही आहे. पण ती लूट कशी झाली ते त्यांनी एखाद्या हिशेबी माणसासारखे टिपले आहे. आधी सोने, रुपे आणि रोकड गेली. ते संपल्यावर तांब्यापितळेच्या भांड्यांची पाळी आली. मग कपडालत्ता आणि धान्य.

भांड्यांच्या त्या उल्लेखापाशी मी प्रत्येक वाचनात अडखळतो. सोने गेले म्हणजे साठवण गेली. लग्नकार्याला काढायचे, अडीनडीला गहाण टाकायचे ते गेले. भांडी गेली म्हणजे उद्याची सकाळ गेली. बुंदेलखंडातला एप्रिल, दारात विहीर आहे, पण पाणी काढायला कळशी नाही आणि साठवायला हंडा नाही. परात नाही, म्हणजे कणीक मळायची कशात? तपेले नाही, म्हणजे भात शिजवायचा कशात? देवघरातली समई, घंटा, पळी यांची जागा मोकळी. झाशीचे राजे नेवाळकर यांच्या कारकिर्दीत कोकणातून, देशावरून जी मराठी घरे झाशीत जाऊन राहिली, त्यांच्या स्वयंपाकघराचा कणा ही भांडीच होती. किल्ल्यावर ‘कडक बिजली’ तोफ आजही आहे, लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. घरोघरचे हंडे मात्र कुठल्या बाजारात कोणत्या भावाने गेले, त्याची नोंद कोण ठेवणार? त्या बायकांनी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवली असेल, हा प्रश्न मला लढाईच्या डावपेचांपेक्षा मोठा वाटतो. लुटणाऱ्याला पितळेची किंमत नेमकी कळत होती. आपल्या वाक्प्रचाराला ती कळलेली नाही.

आणि पितळ हे काही सोन्याचे सोंग घेऊन जन्माला आलेले नाही. तांबे आणि जस्त एकत्र आले की पितळ होते, पण ते एकत्र यायला फार कष्ट पडतात. तांबे वितळते 1085 अंशांना, जस्ताची मात्र 907 अंशांनाच वाफ होते. म्हणजे तांबे पातळ होण्याआधीच जस्त उडून जाणार. जुन्या कारागिरांनी यावर तोड काढली. जस्ताची माती, कोळसा आणि तांब्याचे तुकडे मुशीत घालून ते तोंड बंद करत. आत कोंडलेली वाफ तांब्यात मुरे आणि पितळ तयार होई. उदयपूरजवळच्या जावरला तर जस्ताची वाफ थंड करून शुद्ध जस्त काढण्याची विद्याच शेकडो वर्षे नांदली. इतक्या मेहनतीने मिळणारी वस्तू खोटेपणाची खूण कशी ठरावी?

पितळेचा एकच हट्ट असतो, कल्हईचा. ती उडालेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते, हिरवट पडते. पूर्वी कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता लावी. भांडे तापले की आत नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उठे, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने भरभर फिरवी. बघता बघता पिवळ्या पोटावर चंदेरी लाट पसरे आणि भांडे पाण्यात जाताच चर्र आवाज होई. आम्ही मुले तो धूर नाकात जाईपर्यंत हलत नसू.

आता हंडे माळ्यावर आहेत आणि मधूनमधून ते किलोच्या भावाने मोडीत जातात. त्यांच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नावे कोरलेली असतात. कुणा आत्याने दिले, कोणत्या लग्नात आले, कोणत्या साली. ज्या बायकांचे नाव घराच्या कागदपत्रात कुठेच नाही, त्यांचे नाव अनेकदा या काठावरच सापडते. दिवाळीची आवराआवर करताना भांडे वजनकाट्यावर ठेवण्याआधी ते पुसून उजेडात धरा, नाव वाचा, वहीत उतरवून घ्या. आणि एखादे तरी भांडे कल्हई करून रोजच्या वापरात आणा.